खिडकीपुरता समुद्र

कातालोनियाच्या किनाऱ्यावर कादाकेस नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले पाणबुडे छातीत श्वास भरून समुद्रात सूर मारत आणि तळाच्या खडकांवरून लाल पोवळी काढून आणत. बार्सिलोनातल्या राजकीय धरपकडीमुळे नार्सिस मोंतुरिओल हा माणूस 1850 च्या दशकात त्या गावी येऊन राहिला होता. शिक्षण कायद्याचं, पोटापाण्याचा उद्योग छापखान्याचा आणि मन समाजवादी चळवळीत. पोवळी काढताना एक पाणबुड्या बुडून मेला, ते त्याने पाहिलं. या लोकांना श्वास न कोंडता तळाशी बसून काम करता येईल असं काही तरी करायचं, हा विचार त्यानंतर त्याच्या डोक्यातून गेला नाही.

नौकाबांधणीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही 28 जून 1859 रोजी बार्सिलोनाच्या बंदरात त्याची ‘इक्तिनेओ’ पाण्यात उतरली. सात मीटर लांबीची, माशाच्या आकाराची ती लाकडी पाणबुडी आत बसलेल्या माणसांच्या हातांनी चाले. अंगावर तांब्याचा पत्रा आणि बाहेर बघायला जाड काचेच्या खिडक्या. तिने पन्नासहून अधिक बुड्या मारल्या. पुढे बंदरातच एका मालवाहू जहाजाच्या धडकेने ती गेली. मोंतुरिओलने दुसरी, मोठी पाणबुडी बांधली. 1867 मध्ये तिच्यात रासायनिक क्रियेवर वाफ तयार करणारं आणि त्याच क्रियेतून प्राणवायूही देणारं इंजिन बसवलं. पण पैसे संपले. कंपनी बुडाली आणि 1868 मध्ये पाणबुडी भंगारात निघाली. तिच्या खिडक्या पुढे न्हाणीघराला लागल्या, असं लिहून ठेवलेलं आहे.

ज्या खिडकीतून समुद्राचा तळ बघायचा, ती न्हाणीघरात गेली. घरगुती पाणबुड्यांची गोष्ट मी या खिडकीपासून सांगतो, त्याला कारण आहे. नौदलाची पाणबुडी आंधळी असते. तिला ऐकायचं असतं, लपायचं असतं, मारा करायचा असतो. मुंबईकरांना माझगाव डॉकमुळे ओळखीची झालेली पाणबुडी ती हीच. 1992 मध्ये नौदलात दाखल झालेली ‘शल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी या गोदीतलीच. पण स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या पैशांनी एक-दोन माणसांची पाणबुडी बांधणाऱ्याला युद्ध करायचं नसतं. त्याला बघायचं असतं. म्हणून त्याच्या पाणबुडीचा जीव खिडकीत असतो. आणि नेमका धोकाही तिथेच असतो.

पाण्याचं वजन

पाण्यात दर 10 मीटर खाली गेलं की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार वाढतो. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. आता 30 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी खिडकी घ्या. तिचं क्षेत्रफळ साधारण 700 चौरस सेंटिमीटर. 100 मीटर खोलीवर तिच्यावर 7 टन भार असतो. मालाने भरलेला टेम्पो त्या ताटावर उभा आहे आणि त्याच्या खाली नाक लावून तुम्ही मासे बघताय.

घरगुती बांधणीत नवशिक्याची पहिली चूक होते ती भाराची दिशा समजण्यात. गॅसची टाकी आतून बाहेर ढकलली जाते. अशा वेळी थोडा चेपलेला पत्राही दाबाने गोल व्हायला बघतो. पाणबुडीला मात्र समुद्र बाहेरून आत दाबतो आणि तिथे उलट घडतं. जिथे गोलाई किंचित बिघडली आहे, तिथे ती आणखी बिघडत जाते. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीतली हवा तोंडाने ओढून पाहा. बाटली एका बाजूला हळूहळू बसत नाही, एकदम चिपाड होते. म्हणून अनुभवी कारागीर पोलादाच्या जाडीइतकंच तिच्या गोलाईकडे लक्ष देतात. नळकांड्याला ठरावीक अंतरावर कडी वेल्ड करतात आणि दोन्ही टोकांना अर्धगोल टोप्या लावतात. तोच दाब, तोच व्यास आणि तीच जाडी असेल, तर गोळ्याच्या पत्र्यावर येणारा ताण नळकांड्याच्या निम्मा असतो. खोल जाणाऱ्या बहुतेक पाणबुड्यांत माणसं गोळ्यात बसतात ती याचमुळे.

दुसरा हिशोब तरंगण्याचा. पाणबुडीने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढंच तिचं वजन हवं. दीड घनमीटर आकाराची पाणबुडी गोड्या तलावात बरोबर तोलली, तर तिचं वजन दीड टन असणार. तीच समुद्रात नेली की खारं पाणी जड असल्यामुळे 37-38 किलो शिसं जास्त टाकल्याशिवाय ती बुडत नाही. हे शिसं असं लटकवायचं, की आणीबाणीत आतून एक मूठ फिरवली की ते सुटून तळाला पडावं. वीज गेली, मोटर बंद पडली, तरी पाणबुडीने आपोआप वर यायला हवं. हे सुटतं वजन नसलेल्या पाणबुडीत कोणी बसू नये.

अमेरिकेत या सगळ्याला सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचं मोठं श्रेय जॉर्ज किट्रेज यांना जातं. नौदलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मेन राज्यातल्या वॉरन गावी छोट्या पाणबुड्या बांधायला घेतल्या. त्यांची ‘के-250’ ही 250 फुटांपर्यंत जाणारी एका माणसाची पाणबुडी. पुढची ‘के-350’ दोघांची, 350 फुटांपर्यंत जाणारी. किट्रेजनी या पाणबुड्यांचे आराखडेही विकले. ते घेऊन जगात अनेकांनी आपापल्या अंगणात वेल्डिंग सुरू केलं. त्यातल्या कित्येक पाणबुड्या आजही हात बदलत फिरतात. नवा मालक त्या पुन्हा उभ्या करतो.

काच ते ॲक्रिलिक

खिडकीसाठी पहिल्यांदा वापरात आली ती काच. काच दाब उत्तम सोसते, पण ती सूचना देत नाही. तिला कुठे तरी सूक्ष्म ओरखडा असतो, कडेला पोलाद टोचत असतं, आणि एका क्षणी ती फुटते.

विल्यम बीब आणि ओटिस बार्टन 1930 पासून बर्म्युडाजवळ दोरीने लटकवलेल्या पोलादी गोळ्यात बसून खोल समुद्रात उतरत होते. गोळ्याचा व्यास जेमतेम पावणेपाच फूट. त्याच्या खिडक्या वितळवलेल्या क्वार्ट्झच्या, 8 इंच व्यासाच्या आणि 3 इंच जाड. 1932 मध्ये नवी खिडकी बसवून त्यांनी गोळा आधी रिकामा खाली सोडला. वर आला तेव्हा तो पाण्याने भरलेला होता आणि त्या पाण्यात खोलीवरचा दाब कोंडलेला होता. झाकणाचा मधला पितळी बोल्ट सैल करताच तो तोफगोळ्यासारखा डेकवरून सुटला आणि मागोमाग पाण्याचा लोट आला. आत माणूस असता तर त्याचं काय झालं असतं, हे बीबने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. गोळा दुरुस्त झाला. 15 ऑगस्ट 1934 रोजी ते दोघे त्याच गोळ्यातून 3,028 फूट खोल जाऊन सुखरूप परतले.

त्याच सुमारास, 1933 मध्ये, जर्मनीत ओटो रोमच्या कंपनीने ‘प्लेक्सिग्लास’ बाजारात आणलं. हेच ते ॲक्रिलिक. दुसऱ्या महायुद्धात विमानांची पारदर्शक छत्रं त्याची झाली. ऑग्युस्त पिकार यांनी आपल्या खोल समुद्रातल्या यानासाठी ते निवडलं आणि खिडकीला आकार दिला कापलेल्या शंकूचा. रुंद तोंड पाण्याकडे, अरुंद तोंड माणसाकडे. पाणी जितकं दाबेल तितकी खिडकी आपल्या खोबणीत घट्ट बसत जाते. बाटलीला बूच बसावं तशी.

पोलादाच्या भोकात काच दाबून धरण्यापेक्षा ही रचना फार वेगळी आहे. ॲक्रिलिक किंचित लवचीक असल्यामुळे ते खोबणीशी जुळवून घेतं. आणि त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते आधी सांगतं. ताण जास्त झाला की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा उठतात, चकाकतात. बघणाऱ्याला दिसतं की ही खिडकी आता थकली आहे. 23 जानेवारी 1960 रोजी ‘ट्रिएस्ट’ या यानातून जाक पिकार आणि डॉन वॉल्श पृथ्वीवरच्या सर्वांत खोल जागी उतरत होते, तेव्हा वाटेत मोठा आवाज झाला आणि यान हादरलं. येण्याजाण्याच्या बोगद्याची ॲक्रिलिकची खिडकी तडकली होती. तो बोगदा खाली असताना पाण्यानेच भरलेला असे, त्यामुळे दोघे वाचले. पण वर आल्यावर बोगद्यातलं पाणी काढावं लागणार होतं आणि बाहेर पडायची वाट तीच होती. तळावर वीस मिनिटं काढून ते वर निघाले.

घुमट

सपाट खिडकीतून बघताना पाण्यातल्या वस्तू आहेत त्याहून जवळ आणि मोठ्या दिसतात, शिवाय नजर अरुंद होते. घुमटाने हे सगळं बदलतं. डोकं घुमटात घातलं की समोर, वर, खाली, बाजूला सगळीकडे समुद्र. घुमटातून वस्तू लहान आणि जवळ भासतात, म्हणून चालकाला अंतराचा अंदाज नव्याने शिकावा लागतो.

घुमटाचं शास्त्र उभं राहिलं ते अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळांत. जेरी स्टाचिव या अभियंत्याने वर्षानुवर्षं ॲक्रिलिकच्या खिडक्या दाबाखाली मुद्दाम फोडल्या आणि त्या कशा फुटतात याची नोंद ठेवली. 1970 मध्ये ‘नेमो’ नावाची पाणबुडी तयार झाली. तिचा माणसं बसण्याचा अख्खा गोळा पारदर्शक होता. व्यास 66 इंच, जाडी अडीच इंच, बारा पंचकोनी वक्र तुकडे जोडून केलेला. चेंडू शिवतात तसा. आज महागड्या पर्यटन-पाणबुड्यांत दिसणारे पारदर्शक गोळे याच वंशातले. स्टाचिवच्या कामावर आधारलेले खिडक्यांचे नियम अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने 1977 मध्ये आपल्या मानकात घातले.

घरी घुमट करणाऱ्याला हे नियम जाचक वाटतात, पण प्रत्येकामागे फुटलेली खिडकी आहे. तापवलेलं ॲक्रिलिक हवेने फुगवून घुमट सहज होतो. दुकानांच्या पाट्यांवरचे असे घुमट आपण बघतो. पण फुगवताना माथा पातळ होतो, आणि तो किती पातळ झाला हे मोजल्याशिवाय हिशोबाला अर्थ नसतो. आकार दिल्यावर ॲक्रिलिक भट्टीत पुन्हा तापवून अगदी सावकाश थंड करावं लागतं, नाही तर ताण आत कोंडून राहतो. घुमटाला भोकं पाडून बोल्ट घालणं हे तर पापच. प्रत्येक भोक ही तडा सुरू व्हायची जागा असते. घुमट खोबणीत अलगद बसवायचा, खाली गॅस्केट, वरून कडं, आणि भार पेलायचा तो पाण्याने दाबून.

ॲक्रिलिक पोलादाच्या साधारण सहापट प्रसरण पावतं. 60 सेंटिमीटरचा घुमट उन्हात 30 अंश तापला तर तो सव्वा मिलिमीटर वाढतो. त्याच्या भोवतीचं पोलादी कडं त्याच्या सहाव्या हिश्शाने. कडं घट्ट आवळलेलं असेल, तर पाण्यात उतरायच्या आधी किनाऱ्यावरच घुमटाला इजा होते. म्हणून जाणकार मालक गाडीवर पाणबुडी नेताना घुमटावर पांढरं कापड टाकतो. घुमट पुसायचा तर सौम्य साबण आणि पाणी. स्पिरिट, ॲसिटोन, खिडक्या पुसायचे फवारे जवळही आणायचे नाहीत. त्यांनी ॲक्रिलिकवर त्याच केसासारख्या रेषा उठतात.

खिडकी नेहमी दाबानेच जाते असं नाही. 1970 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता कॅटालिना बेटाजवळ ‘नेक्टन बीटा’ ही दोघांची पाणबुडी बुडालेली एक बोट वर काढायच्या कामावर होती. उचलताना दोर तुटला, बोट खाली आली आणि पाणबुडीच्या खिडकीवर आदळली. खिडकी फुटली. एक जण पोहत वर आला, दुसरा गेला. खिडकीभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा दिसला की तो शोभेचा समजू नये.

जुनी पाणबुडी उघडताना

नवी पाणबुडी बांधण्यापेक्षा जुनी उभी करणं सोपं, असं बाहेरून वाटतं. खरं तर जुन्या पाणबुडीचा पूर्वेतिहास बहुतेक वेळा मालकाला ठाऊक नसतो. ती किती खोल गेली, किती वेळा आपटली, खिडकी कधी बदलली, याचे कागद क्वचितच सोबत येतात.

म्हणून काम सुरू होतं सगळं काढून टाकण्यापासून. बॅटऱ्या, वायरी, नळ्या, बाकं, रंग. पोलाद वाळूच्या माऱ्याने उघडं करायचं. गंज दिसतो तिथे नसतो, नजर पोचत नाही तिथे असतो. बॅटरीखालच्या तळात, वेल्डच्या कोपऱ्यात, रंगाच्या फुग्याखाली. मग ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्राने पत्र्याची जाडी टप्प्याटप्प्याने मोजायची आणि खडूने तिथेच लिहायची. गोलाई मोजायची. वेल्डमध्ये तडा आहे का, ते रंगद्रव्याने तपासायचं. रबरी ओ-रिंग सगळ्या फेकून द्यायच्या. त्या स्वस्त असतात, त्यांच्यावर बसलेला जीव स्वस्त नसतो. प्राणवायूच्या नळ्यांत तेल-ग्रीसचा थेंबही राहता कामा नये, कारण शुद्ध प्राणवायूत तेल पेट घेतं. शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्याला बाहेरची वाट हवी.

आणि खिडकी. मानकानुसार अनेक प्रकारांत ॲक्रिलिकच्या खिडकीचं आयुष्य मुळात 10 वर्षांचं धरलेलं आहे. कितीही स्वच्छ दिसो, कितीही प्रेमाने जपलेली असो. चाळीस वर्षं शेडमध्ये पडलेल्या पाणबुडीतली मूळ खिडकी ही आठवण म्हणून कपाटात ठेवायची वस्तू आहे. पाण्यात उतरायचं ते नव्या खिडकीने.

आतली हवा

खिडकीबाहेरच्या पाण्याइतकीच आतली हवा महत्त्वाची. बंद जागेत माणूस प्राणवायू संपून मरतो, असं आपल्याला वाटतं. त्याच्या आधी त्याला गाठतो तो स्वतःच सोडलेला कार्बन डायऑक्साइड. दोन घनमीटर हवेत एकटा माणूस हलकंसं काम करत असेल तर तासाभरात तो वायू एक टक्क्यावर जातो, डोकं जड होतं. त्यासाठी सोडा लाइमसारखं रसायन लागतं आणि त्यातून हवा फिरवायला पंखा. बीबच्या गोळ्यात हेच रसायन परातीत ठेवलेलं असे आणि हवा हलवायला ताडाच्या पानाचा पंखा.

17 जून 1973 रोजी फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ ही पाणबुडी एका बुडवलेल्या विनाशिकेच्या दोरखंडांत अडकली. आत चौघे होते. दोघे पुढच्या ॲक्रिलिकच्या गोळ्यात, दोघे मागच्या ॲल्युमिनियमच्या कप्प्यात. चोवीस तासांहून अधिक काळ ती तिथे राहिली. ॲल्युमिनियममधून उष्णता भराभर निघून गेली, मागचा कप्पा गार पडला. गारठ्यात तिथलं कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन मंदावलं. मागचे दोघे गेले. त्यांतला एक होता एडविन लिंक यांचा मुलगा क्लेटन. पाणबुडीचा रचनाकार त्याचा बापच होता. पुढचे दोघे जगले, कारण ॲक्रिलिक उष्णता धरून ठेवतं. धातू निवडताना लोक बळ आणि वजन बघतात. तो हवेला किती गार करतो हा प्रश्न त्या दिवशी चार माणसांच्या आयुष्याने विचारला.

दोन कारागीर

कार्ल स्टॅन्ली हा अमेरिकन मुलगा पंधराव्या वर्षी पाणबुडी बांधायला लागला. कॉलेजात तो इतिहास शिकत होता, पाणबुडी सुरूच होती. ती मोटरशिवाय, फक्त तरंगण्याचा तोल बदलून पाण्यात सरकणारी. 1998 मध्ये तो ती घेऊन होंडुरासच्या रोआतान बेटावर गेला. तिथे प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून जवळच खोल समुद्रात उतरते. पुढे त्याने ओक्लाहोमातल्या आयडाबेल गावी दुसरी पाणबुडी बांधली आणि तिला गावाचंच नाव दिलं. पुढे प्रवासी बसतात, त्यांच्यासमोर मोठी खिडकी. मागे चालक उभा. ती 2,000 फुटांपर्यंत जाते. कुठल्याही वर्गीकरण संस्थेचा शिक्का तिच्यावर नाही.

याच स्टॅन्लीने एप्रिल 2019 मध्ये बहामाजवळ ‘टायटन’ या पाणबुडीत बसून बुडी मारली. टायटनचा मधला भाग कार्बन फायबरचा होता. हा पदार्थ ओढ सोसायला विलक्षण बळकट. पण दोर ओढायला कितीही मजबूत असला तरी ढकलायला उपयोगी नसतो, आणि समुद्र ढकलतो. स्टॅन्लीने खाली जाताना तडकण्याचे आवाज ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी टायटन बांधणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला कळवलं, की पदार्थ आतून तुटतो आहे. पुढे त्या सांगाड्यात तडा सापडला, नवा सांगाडा झाला, पदार्थ मात्र तोच. खिडकीबद्दलही इशारा झाला होता. 2018 मध्येच कंपनीतल्या एका अधिकाऱ्याने लिहून दिलं होतं, की तिच्या उत्पादकाची हमी 1,300 मीटरपर्यंतचीच आहे. टायटनला जिथे जायचं होतं ते टायटॅनिकचे अवशेष सुमारे 3,800 मीटरवर आहेत. जुलै 2022 च्या एका बुडीत वर येताना मोठा धमाका ऐकू आला. 18 जून 2023 रोजी टायटन पाच माणसांसह चिरडली. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती असा निष्कर्ष काढला.

या घटनेनंतर घरगुती पाणबुडी म्हणजे वेडेपणा, असं अनेकांनी म्हटलं. मला ते पटत नाही. टायटनमागे कंपनी होती, पैसा होता, अभियंते होते. तरीही पदार्थ बोलत असताना तिने ऐकलं नाही. मोंतुरिओलकडे यातलं फारसं काही नव्हतं. त्याने पन्नासवर बुड्या मारल्या आणि माणसं कोरड्या अंगाने घरी नेली. फरक घर आणि कारखाना यांत नाही. आपण केलेली वस्तू चुकीची असू शकते हे मान्य करून तिला परीक्षेला बसवतो की नाही, फरक तिथे आहे.

आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची ‘मत्स्य 6000’ तयार होते आहे. टायटॅनियम मिश्रधातूचा 2.1 मीटर व्यासाचा आणि 80 मिलिमीटर जाडीचा गोळा, आत तिघांची जागा. 2025 च्या सुरुवातीला तिच्या चाचण्या झाल्या त्या चेन्नईजवळच्या बंदरातल्या पाण्यात, आधी माणसांशिवाय आणि मग माणसांसह. सरकारी प्रयोगशाळा असो की अंगणातली शेड, क्रम हाच.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, लेथवर हात बसलेल्या कारखान्यांत, कोकणातल्या होड्या बांधणाऱ्यांत हे काम करू शकणारी माणसं आहेत. त्यांतल्या कोणाला ही ओढ लागली तर तिला हसू नका. फक्त बीबच्या त्या गोळ्याची गोष्ट त्याला सांगा. हिशोब कितीही वेळा तपासलेला असो, पाणबुडी आधी रिकामी खाली सोडायची, जायचं त्याहून खोल. ती कोरडी वर आली, तरच आत बसायचं.